आमच्या दवाखान्याचं प्रसिद्धीखातं

गावात पटकी आली की ज्याच्या चेहऱ्यावर तेज चढतं असा एकच माणूस मी जन्मात पाहिला, आणि तो नेमका आमच्या धर्मार्थ दवाखान्याचा सेक्रेटरी होता. साथीचं नाव निघालं की बाकीची माणसं देव पाण्यात घालून बसत. हे गृहस्थ धोतराचा सोगा खोचून पोस्टाची वाट धरत. रोग किती जहाल आहे याची चौकशी ते नंतर करत. आधी विचारत, "डॉक्टर, हे मुंबईच्या बोटीआधी नक्की होईल ना?" नक्की होणं म्हणजे रोगाचं निदान. बोट गेली की बातमी दोन दिवस शिळी होत असे, आणि शिळी बातमी त्यांना शिळ्या माशापेक्षा वाईट वाटे. खरं तर मासा त्यांनी ताजाही कधी खाल्ला नव्हता. आमच्या किनाऱ्यावर जन्माला येऊन जन्मभर शाकाहारी राहिलेला माणूस, म्हणजे विक्षिप्तपणाची सुरुवात पाळण्यातच झालेली.

मी तेव्हा नुकता डॉक्टर होऊन आलो होतो. मूळचा खारेपाटणचा, म्हणजे याच मुलखातला, पण किनाऱ्यावर नवखा. मुंबईला गिरण्यांत आणि गोद्यांत कामाला असलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाने हा दवाखाना काढला होता. दवाखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन बाकं, एक खाट, औषधांचं कपाट आणि मी. गावातली व्यवस्था पाहायला मंडळाने या गृहस्थांना नेमलं होतं. त्यांनी उभी हयात मुंबईच्या एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली होती. जे छापून आलं ते घडलं आणि जे छापलं गेलं नाही ते घडलंच नाही, इतकी साधी त्यांची दुनिया होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "डॉक्टर, औषधाने माणूस बरा होतो, मान्य. पण तुम्ही इथे बरा केलात हे परळच्या आपल्या मंडळाला कळायचं कसं? परळला कळलं नाही तर उद्या कपाटात औषध कुठलं?" मी तरुण होतो, मला राग आला. आज कबूल करतो की त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. कपाटातल्या निम्म्या बाटल्या त्यांच्या बातम्यांवर आल्या होत्या.

बोलण्याची त्यांची तऱ्हा मथळ्यांची होती. घरात साखर संपली की वहिनींना म्हणत, "साखरेची तीव्र टंचाई, सेक्रेटरींची चिंता." वहिनी चुलीपुढून म्हणत, "बाजारात जावा, म्हणजे चिंता मिटात." साथ नसलेल्या दिवसांत त्यांची अवस्था पाहवत नसे. सकाळी दवाखान्यात येऊन बाकावर बसत आणि पडेल आवाजात विचारत, "काही विशेष?" मी म्हणे, "नाही, सगळं ठीक आहे." "खोकलासुद्धा नाही?" "दोघांना आहे." "एकाच वाडीतले?" इतकी आशा त्या प्रश्नात असायची की कधी कधी वाटे, हो म्हणून टाकावं. एका वर्षी फ्लूची साथ मुंबईहून बोटीने उतरली, तेव्हा त्यांना जग पुन्हा राहण्याजोगं वाटू लागलं. स्वतः एकशे तीन ताप अंगात घेऊन ते बातमी लिहीत होते, आणि 'सेक्रेटरींची प्रकृती चिंताजनक' हे वाक्य त्यांनी मोठ्या समाधानाने दोनदा वाचून दाखवलं.

फोटोचं प्रकरण तर निराळंच. साथ आली की मालवणहून फोटोग्राफर यायचा. पण खरा रोगी फोटोला उभा राहायला तयार होईना, कारण फोटोने आयुष्य कमी होतं हे सर्वांना ठाऊक होतं आणि आजाऱ्याला ते परवडणारं नव्हतं. मग सेक्रेटरी स्वतःच बाही वर करून बसत आणि मी सुई टेकवल्यासारखी करून उभा राहत असे. असे त्यांना देवीचे, पटकीचे, विषमज्वराचे कितीतरी वेळा टोचल्याचे फोटो निघाले. पेपरात ठसा इतका काळाकुट्ट उमटे की माणूस ओळखणं शक्य नव्हतं. 'मसुऱ्याच्या जत्रेतील यात्रेकरू लस टोचून घेताना' म्हणूनही तेच आणि 'लस घेणारी ग्रामीण महिला' म्हणूनही तेच, कारण त्या दिवशी त्यांनी डोक्यावरून उपरणं घेतलं होतं.

एकदा रत्नागिरीहून आरोग्यखात्याचे साहेब आले. आमचा जिल्हा तेव्हा रत्नागिरीच. साहेबांच्या हातात पेपरचं कात्रण होतं आणि त्यात आमचा दवाखाना 'सुसज्ज, बारा खाटांचा' म्हणून छापलेला. साहेब येणार हे आदल्या संध्याकाळी कळलं. मी म्हटलं, आता खरं काय ते सांगून टाकू. सेक्रेटरी म्हणाले, "खरंच करून टाकू." सकाळी मी जाऊन पाहतो तर खोलीत दाटीवाटीने बारा खाटा, घरोघरच्या, कुणाची सुंभाची तर कुणाची शिसवी. साहेब प्रसन्न झाले. एका खाटेवर एक म्हातारे पांघरूण घेऊन निजले होते, त्यांची साहेबांनी आस्थेने चौकशी केली, "आजोबा, काय होतंय?" म्हातारे डोळे चोळत उठून बसले. "माका काय्येक होना नाय. ह्येंनी खाट उचलून हाडल्यानी, तिच्यावांगडा मी इलंय." खाटेसकट उचलून आणलेला हा रोगी पाहून साहेब खूप हसले, आणि जाताना दोन खऱ्या खाटा मंजूर करून गेले. अशा माणसाला रागवायचं तरी कसं? वाईट केलं म्हणावं तर त्यातून चांगलं निघायचं, आणि हेच पुढे आमच्या अंगलट आलं.

त्या काळात आमच्या गावाला गावची बातमी मुंबईहून कळत असे, हे आधी सांगायला हवं. गावात पेपर वाचणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी. सेक्रेटरींची बातमी तारेने किंवा बोटीने मुंबईला जायची, तिथे छापून यायची, चाळीतल्या खोलीत एकजण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. मग ते घाबरून घरी पत्रं लिहायचे. आठवडाभराने शेजारच्या वाडीत काय झालं ते आमच्या माणसांना आपल्याच झिलाच्या, म्हणजे मुलाच्या, पत्रातून कळायचं, आणि झिलाच्या पत्रातलं खोटं कसं असेल? डोळ्यांदेखत दिसणाऱ्या माणसापेक्षा मुंबईच्या पत्रावर विश्वास जास्त.

शिमगा सरून विहिरी तळाला गेल्या होत्या, तेव्हा किनाऱ्यावर रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढणाऱ्या मच्छीमारांच्या वाडीत एक माणूस पटकीने गेला. मला बोलावणं आलं तोवर सगळं आटोपलं होतं. घरात बायको आणि बारा-तेरा वर्षांची मुलगी. मी दवाखान्यात परतलो तेव्हा सेक्रेटरी दारातच उभे. "कोण? कुठला? कोणाचं घर?" मी दमलो होतो, डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि त्यांनी विचारलं तसं मी सांगत गेलो. नाव, वाडी, घर, सगळं. तो दोष माझाही आहे, आणि इतकी वर्षं मी तो त्यांच्या एकट्याच्या नावावर खपू दिला.

तार गेली. तिसऱ्या दिवशी बातमी छापून आली, आणि ती वाचून सरकारी चक्रं इतक्या वेगाने हलली की लशीची पेटी आणि सलाईनच्या बाटल्या घेऊन जीप आमच्या दारात हजर झाली. लशीसाठीचे माझे तीन अर्ज रत्नागिरीत कुठे पडले होते देव जाणे. सेक्रेटरींनी जीपला हार घातला. मीसुद्धा त्यांचा हात हातात घेऊन म्हणालो, "सेक्रेटरीसाहेब, तुम्ही गाव वाचवलंत." ते लाजले. त्यांना लाजताना मी तेव्हाच एकदा पाहिलं.

पण मुद्रितं तपासण्यात जन्म गेल्यामुळे त्यांची बातमी म्हणजे काटेकोर. कोण, कुठे, केव्हा, काही सुटायचं नाही. 'रोगाचा उगम अमुक वाडीतील अमुक यांच्या घरी झाला' असं त्यांनी मयताचं नाव देऊन लिहिलं होतं. चार दिवसांनी मुंबईहून पत्रं यायला लागली. त्या वाडीचं पाणी पिऊ नका. त्या घरचे मासे घेऊ नका. झालं! देवळाजवळच्या विहिरीवर त्या वाडीच्या बायकांना कुणी कळशी बुडवू देईना. त्या विधवेची माशांची पाटी बाजारातून भरलेली परत जाऊ लागली. सुतकातून उठून पोटासाठी बाहेर पडलेली बाई, आणि लोक तिला पाहून रस्ता बदलत.

आणि त्या वाडीतून दवाखान्यात माणूस यायचा थांबला. एकही नाही. लस घ्यायलाही नाही. पाच दिवस असे गेल्यावर सेक्रेटरींनी लेखणी उचलली. "साथ आटोक्यात! दवाखान्याच्या प्रयत्नांना यश!" मी म्हणालो, "पटकी इतकी शहाणी नसते. ती माणसं रोग लपवताहेत." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पण लेखणी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला त्या वाडीचे गावकर, म्हणजे मानकरी, आले. देवाकडे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. काळा कातळ असावा असा माणूस, पण उन्हातून अनवाणी धावत आला होता. "डॉक्टरांनू, त्या रांडमुंड बायलेचा चेडू सकाळपासून जाता-ओकता. ती कोणाक आत घेना नाय. तुमी येवा." मी बाटल्या आणि पिशवी उचलून धावलो. मागून सेक्रेटरी येत होते. "तुम्ही नका येऊ," मी ओरडलो. तरी ते आले.

बाई दारात दोन्ही हात चौकटीला लावून उभी होती. आतून मुलीचं कण्हणं ऐकू येत होतं. मला म्हणाली, "डॉक्टर, तुमचो माझो वाद नाय. पण तुमी आत इलात म्हणजे ह्यो पेपरवालोय इलो." मग सेक्रेटरींकडे वळली. "माझो घोव मेलो तो हय मेलो. तेका तुमी मुंबैक नेवन परत मारल्यात. आता चेडवाचा नाव छापूचा आसा? मरांदे तेका माझ्या घरात, नावाशिवाय मरांदे."

 सेक्रेटरी ऑफिसातल्या भाषेत म्हणाले, "बाई, मी खुलासा छापून आणतो. उद्याच्या उद्या तार करतो." बाई हसली. ते हसणं मला अजून ऐकू येतं. "तुमचो खुलासो हय कोण वाचतलो? माका वाचूक येता? ज्या विहिरीवर माका पाणी देनत नाय, ती विहीर वाचतली? सांगूचा आसात तर देवाक सांगा, सगळ्यांच्या कानार सांगा."

 पटकीत घटका-घटका मोलाची. मी गावकरांना म्हणालो, "काय करायचं ते लवकर करा." वाडीच्या माणसाला नारळाची काय कमतरता? तुळशीपुढे नारळ ठेवला. सगळी वाडी अंगणात जमली, वरच्या आळीतलेही दहापाच कुतूहलाने कुंपणाशी येऊन उभे राहिले. गावकरांनी डोळे मिटले आणि तो आवाज लावला, जो ऐकला की आमच्याकडे तान्हं मूलही गप्प होतं.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अंगण म्हणालं.

"आज ह्यो जो तुझो लेकरू तुझ्या पायाकडे उभो आसा, तेच्याकडसून ह्या घराची बदनामी झाली आसा..."

"बदनामीपेक्षा 'गैरसमज' बरं," सेक्रेटरी हळूच म्हणाले. सवय! मरणाच्या दारातही त्यांनी मुद्रित तपासलं असतं. गावकरांनी एक डोळा उघडला आणि त्यांच्याकडे असं पाहिलं की मला त्या परिस्थितीतही हसू आलं असतं, पण आतून मुलगी पुन्हा कण्हली.

"मगे तूच सांग," गावकर म्हणाले. "तुझी चूक, तुझ्या तोंडान सांग. देव आयकता."

सेक्रेटरींनी रकानेच्या रकाने भरले होते. साध्या खोकल्यावर त्यांना पाऊण रकाना सुचायचा. त्या दिवशी ते नारळाकडे पाहत नुसते उभे राहिले. मग त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच, निदान माझ्यासमोर तरी, गावची बोली बाहेर पडली. "म्हाराजा, माझी चूक झाली. मेलेल्या माणसाचा नाव मी आमच्या दवाखान्याच्या नावासाठी वापरलंय. ह्या घराचो काय गुन्हो नाय. पाणी सगळ्यांचाच वायट होता." 

"तर म्हाराजा," गावकर म्हणाले, "लेकराची चूकभूल पोटात घाल, ह्या घरार इलेली बला साता समुद्रापलीकडे घाल, आणि डॉक्टराच्या हाताक यश दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मीही म्हणालो. मी देवधर्म फारसा न मानणारा माणूस, पण तेव्हा मी सगळ्यांत मोठ्याने म्हणालो असेन.

बाईने चौकटीवरचे हात काढले.

मुलीची शीर सापडेना इतकी ती आटली होती. सापडली तेव्हा बाटली टांगायला खुंटी मिळेना. छप्पर ठेंगणं आणि भिंतीचा गिलावा ढिसूळ. सेक्रेटरींनी बाटली घेतली आणि हात वर करून उभे राहिले. दुपार उलटली, ऊन परसात गेलं, ते हात बदलत उभेच होते. फोटो न काढता तो हात इतका वेळ पहिल्यांदाच वर राहिला असेल. मी एकदा म्हणालो, "कुणाला तरी द्या." ते म्हणाले, "माझ्याकडेच असू दे." चार वाजायच्या सुमारास मुलीने डोळे उघडून आईकडे पाणी मागितलं. सेक्रेटरी भिंतीकडे तोंड करून रडत होते. बाटली मात्र हलू दिली नाही.

बाहेर आल्यावर लोकांसमोर त्या घराचा कलंक धुवायचा म्हणून त्यांनी बाईकडे प्यायला पाणी मागितलं आणि तांब्या तोंडाला लावला. मी झडप घालून तो हिसकावला. "उकळल्याशिवाय थेंब नाही!" आता आली का पंचाईत? नाही प्यावं तर माफी खोटी, प्यावं तर उद्या हेच खाटेवर. शेवटी बाईने कोरा चहा उकळला. तो त्यांनी अंगणात बसून, सगळ्यांना दिसेल असा, फुंकर मारत मारत प्यायला आणि दुसरा मागितला.

पुढचा महिनाभर हा जन्माचा शाकाहारी माणूस रोज सकाळी बाजारात तिच्या पाटीसमोर उभा राहायचा आणि चार बांगडे घ्यायचा. बाई ते कागदात बांधून देऊ लागली की म्हणायचे, "नको, दिसू देत." मग शेपट्या चिमटीत धरून, हात अंगापासून होता होईल तो लांब ठेवून, नाक दुसरीकडे वळवून, बाजारपेठेतून सावकाश चालत दवाखान्यात येत आणि बांगडे माझ्या टेबलावर ठेवत. महिनाभर मी दोन्ही वेळ बांगडे खाल्ले. पण सेक्रेटरीच घेतात म्हटल्यावर चौथ्या-पाचव्या दिवसापासून इतरही घेऊ लागले. त्या गाऱ्हाण्याची बातमी तर त्याच संध्याकाळी गावभर झाली होती. इतका खप त्यांच्या कुठल्या पेपरला कधी लाभला नसेल. विहिरीवर कळशा पुन्हा बुडू लागल्या, मी सांगितल्याप्रमाणे औषध टाकल्यावरच. वाडीतली सगळी माणसं ओळीने येऊन लस घेऊन गेली. त्यानंतर त्या वर्षी पटकीने एकही माणूस गेला नाही.

त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी बातमी होती. मी वाट पाहत होतो, आज लिहितील, उद्या लिहितील. मुंबईच्या संपादकांचं कार्डसुद्धा आलं, 'तिकडील साथीचे पुढे काय झाले? मजकूर धाडावा.' त्यांनी उत्तर लिहून माझ्याकडे वाचायला दिलं. 'येथे सर्व क्षेम. कळविण्याजोगे काही नाही.'

मला राहवलं नाही. म्हणालो, "सेक्रेटरीसाहेब, नावं गाळून लिहा. दवाखान्याचं भलं होईल." त्यांनी टेबलावरचे बांगडे माझ्याकडे सरकवले. "नावाशिवाय बातमी होत नाही, डॉक्टर," ते म्हणाले, "आणि ते नाव माझं नाही."

पुढे त्यांनी लिहिणं सोडलं असं मुळीच नाही. खाटा वाढल्या की लिहीत, साहेब आले की लिहीत, फोटोला बाही वर करून बसत. पण रोग्याचं आणि त्याच्या वाडीचं नाव त्यांच्या कागदावर पुन्हा कधी आलं नाही. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण सांगितली की ऐकणारा हटकून विचारतो, गाव कुठलं, वाडी कुठली, ती मुलगी कोण, आता कुठे असते? मला सगळं ठाऊक आहे. सांगायला तोंड उघडतो आणि हात वर करून भिंतीकडे वळलेले ते मला दिसतात. मुलगी बरी झाली, एवढं मात्र छापायला हरकत नसावी.